साठीच्या उंबरठ्यावर बँजो

नागपुरात 'बँजो' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे अमेरिकी सिनेमातलं, चामड्यानं मढवलेलं, गळ्यात अडकवायचं गोल वाद्य येत नाही. येते ती दोन-अडीच फूट लांबीची चपटी लाकडी पेटी. तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांच्या वर ओळीनं बसवलेली टाइपरायटरसारखी गोल बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. पुस्तकात याला बुलबुल तरंग म्हणतात, वस्तीत बँजो म्हणतात, आणि बरेच जण नुसतंच 'बेंजो'. या प्रकरणात मी वस्तीचाच शब्द वापरणार आहे.

माझ्या कानात तो शिरला तो इंदोरा भागात, 14 एप्रिलच्या रात्री. भीमगीतांचा मुकाबला पहाटेपर्यंत चालायचा. मंचावर हार्मोनियमची पेटी, ढोलक, टाळ्या देणारे कोरसवाले आणि एका कडेला मांडी घालून बसलेला बँजोवाला. गायक श्वास घ्यायला थांबला की त्या मोकळ्या जागेत बँजो झणझणत यायचा आणि गाण्याची ओळ जशीच्या तशी उचलून परत द्यायचा. मला शब्दांपेक्षा त्या परत आलेल्या ओळीची वाट असायची. शाळेचं वय गेलं, नोकरी लागली, मुलं मोठी झाली. 58व्या वर्षी निवृत्त झालो आणि दोन महिन्यांनी एक जुना बँजो घरी आणला. उशिरा शिकताना काय जमतं, काय जमत नाही आणि का, हे मला त्या पेटीनं शिकवलं.

आधी ती पेटी इथं आली कशी ते पाहू. अमेरिकी बँजोशी तिचं रक्ताचं नातं नाही. तिचा जन्म जपानचा. 1912 साली नागोया शहरात गोरो मोरिता या वादकानं जपानी कोतो या तंतुवाद्याला टाइपरायटरची कळ जोडली. कोतो मोठं आणि शिकायला अवघड. मोरितानं ते मांडीवर मावेल एवढं केलं आणि सूर शोधण्याचं काम बोटांकडून काढून बटणांकडे दिलं. त्याच वर्षी जपानात ताईशो सम्राटाचं युग सुरू झालं होतं, म्हणून वाद्याचं नाव पडलं ताईशोगोतो. स्वस्त आणि हलकं असल्यामुळे ते बंदरांमागून बंदरं ओलांडत गेलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ताराब संगीतात ते पोचलं. बलुचिस्तानात त्याचा 'बेंजू' झाला आणि तिथल्या कलावंतांनी त्याला मोठं, भारदस्त रूप दिलं. आपल्याकडे ते कव्वालीत, भजनात, वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत रुळलं. तारेचा लखलखीत आणि चटकन विझणारा आवाज कुणाला तरी अमेरिकी बँजोसारखा वाटला असावा. 'जपानी बँजो' हे नाव त्यातून आलं आणि पुढे 'जपानी' गळून पडलं.

नाव उसनं असलं तरी दोन्ही वाद्यांत एक खरं साम्य आहे. अमेरिकी बँजोची मुळं पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या वाद्यांत आहेत. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी ते आठवणीतून परक्या मुलखात पुन्हा घडवलं. त्याची पाचवी तार आखूड असते आणि अंगठ्यानं सतत एकच सूर देत राहते, आपल्या सतारीच्या चिकारीसारखी. आपल्या बँजोतही सुरावटीच्या तारांशेजारी नुसत्या षड्ज-पंचमात लावलेल्या तारा असतात. म्हणून बेला फ्लेक हा अमेरिकी बँजोवादक उस्ताद झाकीर हुसेन आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्याबरोबर बसला तेव्हा ते परकं वाटलं नाही. 'अ‍ॅज वी स्पीक' हा त्यांचा 2023चा संग्रह. 2024मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

आता पेटी उघडूया. मी आणलेल्या बँजोचं वरचं झाकण चार स्क्रूंनी बसवलेलं होतं. ते काढलं तेव्हा पहिल्यांदा सगळा कारभार दिसला. प्रत्येक बटणाखाली एक लोखंडी दांडी, दांडीच्या टोकाला पातळ पट्टी आणि तिला वर ढकलून धरणारी बारीक स्प्रिंग. बटण दाबलं की पट्टी तारेवर बसते आणि तिथून घोडीपर्यंतचाच तारेचा भाग वाजतो. सतारीवर बोट जे काम करतं ते इथं पट्टी करते. तार जितकी आखूड तितका सूर उंच. नेमकी अर्धी झाली की वरचा षड्ज.

मजा पट्ट्यांमधल्या अंतरात आहे. वाजणारी तार 50 सेंटिमीटरची धरली तर पहिली पट्टी तिच्या टोकापासून साधारण 2.8 सेंटिमीटरवर येते, आणि वरच्या षड्जापाशी पोचेपर्यंत दोन पट्ट्यांमधलं अंतर जेमतेम 1.5 सेंटिमीटर उरतं. प्रत्येक अर्ध्या सुराला तारेची लांबी एकाच प्रमाणात, सुमारे साडेपाच टक्क्यांहून थोडी जास्त, घटत जाते म्हणून असं होतं. कुणा कारागिराकडून एखादी पट्टी केसभर सरकली तर तो सूर त्या पेटीत कायमचा कणसूर. जुना बँजो घेताना म्हणून एक गोष्ट जरूर करा. मोकळी तार छेडा, मग वरच्या षड्जाचं बटण दाबून छेडा. दोन्ही एकमेकांत विरघळले नाहीत तर घोडी हलवून पाहा. तरीही जुळले नाहीत तर ती पेटी घेऊ नका. रंग आणि नक्षी नंतर बघता येते.

साठीजवळच्या माणसाला या यंत्राचा काय उपयोग, ते व्हायोलिनशी तुलना केली की कळतं. व्हायोलिनवर पडदे नाहीत. सूर कुठं आहे हे बोटाला ठाऊक असावं लागतं, आणि ते ठाऊक होण्यात वर्षं जातात. सतारीला पडदे आहेत, पण तार ओढायला बोटाचं कातडं घट्ट व्हावं लागतं. बासरीला फुंक साधावी लागते. बँजोत सूर पहिल्या दिवशी मिळतो. बटण दाबलं की मध्यम, दुसरं दाबलं की पंचम. तिथं वय आडवं येत नाही. मोरितानं हे वाद्य म्हाताऱ्यांसाठी केलं नव्हतं, पण आज जपानात ताईशोगोतो मुख्यत्वे कोण वाजवतं? उतारवयाकडे झुकलेली माणसं, आणि त्यातही बायका जास्त. गावोगावी त्यांचे वृंद आहेत. बटणांवर आकडे छापलेले असतात आणि गाणीही आकड्यांत लिहिलेली असतात, त्यामुळे स्वरलिपीची भीती उरत नाही. दहा-पंधरा जणी एका ओळीत बसून तेच गाणं चढ्या आणि खर्जाच्या पेट्यांवर वाजवतात. आपल्याकडे तेच वाद्य मिरवणुकीत ट्रकवर चढलं आणि जवान पोरांचं झालं. रवी जाधव यांचा 2016चा 'बँजो' हा हिंदी चित्रपट त्याच दुनियेवरचा. मला दोन्ही आवडतं. पण जपानी बायकांकडून घेण्यासारखं आपण अजून घेतलेलं नाही.

सूर पहिल्या दिवशी मिळतो, तर मग अडचण कुठं आहे? ती उजव्या हातात आहे.

मला शिकवणारा माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी लहान. रात्री कव्वालीच्या पार्टीत वाजवतो, दिवसा वाद्यं दुरुस्त करतो. मी त्याला पहिल्या दिवसापासून गुरुजी म्हणतो, तो मला काकाजी. पहिल्याच आठवड्यात मी तार तोडली. जोर लावला की आवाज मोठा येईल, असं वाटलं होतं. तार खुंटीपाशी तुटली आणि फटकन मनगटावर बसली. त्यानं तार बघितली नाही, माझं मनगट बघितलं.

"काकाजी, हात इतका घट्ट कायले धरता? मनगट ढिलं सोडा ना. तार त लावून देतो मी."

मग त्यानं नखी माझ्या हातातून घेतली, चिमटीत फक्त टोक बाहेर राहील अशी धरली आणि कोपर मांडीला टेकवलं. कोपर जागचं हललं नाही. हालत होतं फक्त मनगट, दारावर हलकेच टकटक करावी तसं. खाली 'दा', वर 'रा', दोन्हीचं वजन सारखं. माझा 'दा' जड पडायचा आणि 'रा' पोकळ. पुढचे तीन आठवडे मी एकही बटण दाबलं नाही. मोकळ्या तारेवर नुसतं दा-रा, दा-रा, मोबाइलवर तबल्याचा केरवा लावून.

हा ठोका एवढा महत्त्वाचा का? बँजोचा सूर टिकत नाही. छेडलेली तार दोन-तीन सेकंदांत विझते. भजनातली लांबलेली ओळ धरायची तर तो सूर जिवंत ठेवावा लागतो, आणि त्याला उपाय एकच, नखीची जलद येजा. इतकी जलद आणि इतकी समान की ऐकणाऱ्याला वेगवेगळे ठोके न वाटता एक थरथरती रेघ वाटावी. बँजोचा जो झगमगाट आपण लांबून ऐकतो तो सगळा उजव्या मनगटाचा आहे. डावा हात फक्त पत्ता सांगतो.

आता वयाचं पाहू. इथं खोटा दिलासा द्यायचा नाही. लहानपणी सुरू केलेल्याला जे मिळतं ते सगळं उशिरा मिळत नाही. 1995 साली तंतुवादकांच्या मेंदूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तारा दाबणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत वाढीव जागा मिळालेली दिसली, आणि ज्यांनी जितक्या लहान वयात वाद्य धरलं त्यांच्यात ती जास्त होती. कुठलाही सूर नुसता ऐकून त्याची पट्टी अचूक सांगण्याची देणगीही बालपण सरल्यावर सहसा येत नाही. कानाची वरच्या पट्टीतली संवेदना वयाबरोबर कमी होते. बँजोच्या आवाजातली चमक नेमकी तिथंच असते, त्यामुळे आपल्याला मंद वाटणारा ठोका शेजारच्याला कर्कश लागू शकतो. बोटं सकाळी आखडतात. हे सगळं खरं आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. जर्मनीत 2008 साली साठीच्या आसपासच्या माणसांना तीन महिने चेंडू झेलण्याची कसरत शिकवली आणि त्यांच्या मेंदूची चित्रं आधी आणि नंतर काढली. तरुणांच्या मानानं कमी जणांना ती कसरत नीट साधली, हे खरं. तरी शिकणाऱ्यांच्या मेंदूतल्या करड्या भागात वाढ दिसली. सराव थांबवल्यावर ती ओसरली. त्याआधी, 2007मध्ये, अमेरिकेत 60 ते 85 वयाच्या, पूर्वी फारसं संगीत न शिकलेल्या माणसांना सहा महिने पियानो शिकवला गेला. न शिकलेल्यांच्या तुलनेत त्यांचं लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर नेणं आणि मनात गोष्ट धरून ठेवणं सुधारलं. म्हणजे साठीतही मेंदू शिकतो, फक्त सवलत देत नाही. रोजचा हप्ता भरावा लागतो.

हप्ता किती, हेही ठाऊक आहे. एकगठ्ठा केलेल्या सरावापेक्षा विभागून केलेला टिकतो, हे हर्मान एबिंगहाउसनं 1885 साली स्वतःच्या पाठांतरावर प्रयोग करून दाखवलं, आणि पुढे ते पुनःपुन्हा पडताळलं गेलं. बोटांची एखादी ठरावीक चाल संध्याकाळी शिकली आणि रात्रभर झोप झाली तर सकाळी मधला सराव नसतानाही ती जास्त सफाईनं येते, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. मला याचा अनुभव बटणं दाबायला लागल्यावर लगेचच आला. रात्री 'सारेग, रेगम, गमप' करताना मध्यमावर बोट अडखळायचं. चिडून पेटी बंद करायचो. सकाळी चहाच्या आधी उघडली की बोट आपोआप मध्यमावर. आता मी अडखळत्या जागेशी रात्री भांडत नाही. दहा मिनिटं वाजवतो, झोपतो, सकाळी पुन्हा दहा मिनिटं. रविवारी तीन तास बसणाऱ्यापेक्षा हा माणूस पुढे जातो, हे मी खात्रीनं सांगतो.

आणि उशिरा शिकणाऱ्याकडे एक मोठी ठेव असते, जिचा हिशेब कुणी करत नाही. त्याला गाणी येतात. माझ्या वयाच्या नागपूरकराच्या कानात काय काय साठलेलं असतं! पहाटेच्या रेडिओवरची भक्तिगीतं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं, प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज, वामनदादा कर्डकांची गीतं, सुरेश भटांच्या गझला, ताजबागच्या उरुसातल्या कव्वाल्या. दहा वर्षांच्या मुलाला चाल पण शिकायची असते आणि बोटं पण. आपल्याला फक्त बोटं. गुरुजीनं दुसऱ्या महिन्यात मला कागद दिला नाही. म्हणाला, "तुमाले येते ते भजन म्हणा. म्हणता म्हणता बटण शोधा." मी गुणगुणत शोधलं. चुकीचं बटण दाबलं की कान लगेच नाही म्हणायचा. चार दिवसांत ओळ सापडली. ती कुणी लिहून दिली असती तर चार दिवसांत विसरलोही असतो.

सुरुवातीला भूपातली चाल घ्या. सा, रे, ग, प, ध एवढे पाचच सूर, त्यामुळे बोटांना धावपळ नाही, आणि आपल्याकडच्या भजनांत, भूपाळ्यांत या सुरांच्या चाली भरपूर. षड्जाच्या बटणावर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावा. यात लाजण्यासारखं काही नाही. जपानात तर आख्खे आकडे छापतात.

या सगळ्यात एक अडथळा मात्र वयाशी संबंधित नाही, तो प्रतिष्ठेचा आहे. बँजो शिकतो म्हटल्यावर मला ओळखीच्या दोघांनी विचारलं, सतार का नाही घेतली? त्या प्रश्नाच्या मागे काय आहे ते सरळ बोललं पाहिजे. बँजो हे वस्तीचं वाद्य मानलं गेलं. ते रस्त्यावर वाजतं, वरातीत वाजतं, भीमजयंतीला वाजतं, मोहल्ल्यात वाजतं. ते परवडतं. संगीताच्या वर्गात त्याला सहसा जागा नसते. कारण विचारलं तर सांगतात, यात मींड निघत नाही, श्रुती नाहीत, बारा ठोकळेबाज सूर आहेत. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पट्टी जिथं आहे तिथंच सूर. दोन सुरांमधली वाट त्यात नाही, जाणकार वादक शेजारच्या बटणावर चटकन सरकून तिचा भास देतात एवढंच. पण नेमका हाच आक्षेप हार्मोनियमच्या पेटीवरही होता. आकाशवाणीनं 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971पर्यंत टिकली. आज पेटीशिवाय बैठक होत नाही. सूर तुटक असले तरी गाणं तुटत नाही, हे पेटीनं सिद्ध केलं. बँजोला ती संधी मिळालेली नाही. माझं मत आहे की हा आक्षेप सुरांवर कमी आणि बँजो वाजवणाऱ्या माणसांवर जास्त होता.

उशिरा शिकण्याचा धडा मला त्याच दुनियेत मिळाला. वामनदादा कर्डक, 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले. शाळेचं वय निघून गेलं तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. मुंबईत कष्टाची कामं करताना, तरुणपणी, कुणाकडून तरी बाराखडी शिकून ते वाचायला लागले. त्यानंतर 2004मध्ये देह ठेवेपर्यंत या माणसानं हजारो गीतं लिहिली आणि गावोगाव गायली. 14 ऑक्टोबर 1956ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी जो धम्म दिला तो घरोघर पोचवण्यात अशा गायकांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या मागे बसणाऱ्या बँजोवाल्यांपैकी बहुतेकांनी कुठल्या विद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. ते ऐकून शिकले, एकमेकांचं बघून शिकले, दिवसभर काम करून रात्री शिकले. प्रौढ माणूस असाच शिकतो. त्यांची पद्धत आपण उचलायची आहे, नवीन शोधायची गरज नाही.

त्या पद्धतीचा गाभा म्हणजे एकट्यानं फार काळ बसायचं नाही. सहाव्या महिन्यात गुरुजीनं मला आमच्या भागातल्या एका भजनी मंडळात नेऊन बसवलं. मी म्हटलं, मला अजून तीनच गाणी येतात. तो म्हणाला, "येते तेवढं वाजवा, बाकी वेळ षड्ज धरा जी." मी षड्ज धरला. पेटीवाल्या आजींनी माझ्याकडे बघितलंही नाही, त्या गात होत्या. तिसरं भजन माझ्या ओळखीचं निघालं. ध्रुवपद संपलं, गाणाऱ्यांनी श्वास घेतला, आणि त्या मोकळ्या जागेत मी ती ओळ परत दिली. एक ठोका उशिरा आलो. ढोलकवाल्यानं डोक्यानं खूण केली, पुढच्या वेळी वेळेवर आलो. घरी वर्षभर वाजवूनही हे 'वेळेवर येणं' मला समजलं नसतं; लय ही एकट्याची गोष्ट नाही. इंदोऱ्याच्या त्या रात्री ज्याची वाट बघायचो ती ओळ त्या दिवशी माझ्या हातून गेली. त्याहून मोठं काही मला या वाद्याकडून नको आहे.

थोडं निगेबद्दल, कारण नागपूरचं हवामान तारांना सोपं नाही. मे महिन्यात पारा 45च्या वर जातो. उष्णतेनं पोलाद पसरतं, तार सैलावते, सकाळी लावलेला षड्ज दुपारी उतरलेला असतो. त्यासाठी वाजवायच्या आधी दर वेळी तारा लावायच्याच. सुरावटीच्या दोन्ही तारा आधी एकमेकींशी जुळवा, मग साथीच्या तारा षड्ज-पंचमात. मोबाइलवरचा तानपुरा मदतीला घ्या, पण शेवटचा निर्णय कानाला करू द्या. त्यातूनच कान तयार होतो. दुसरं, कूलर. पहिल्या उन्हाळ्यात मी पेटी कूलरच्या झोतासमोरच्या टेबलावर ठेवली आणि आठ दिवसांत तारा तांबूस झाल्या. गंजलेली तार नखीला खरखरते आणि सूर धरत नाही. वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा पुसायच्या, पेटी कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात. बटण चिकटायला लागलं तर झाकण काढून धूळ झाडा. तेल ओतू नका, धूळ त्यात बसून चिखल होतो. बोट, मनगट किंवा खांदा दुखला तर त्या दिवशी थांबा. दुखण्यावर मात करून वाजवायची जिद्द विशीत चालते, आपल्या वयात ती महिनाभर घरी बसवते.

नागपुरातल्या संगीत वर्गांना माझी विनंती आहे. पेटी आणि तबल्याच्या शेजारी आठवड्यातून दोन संध्याकाळी बँजोला द्या, आणि शिकवायला कव्वालीच्या आणि भीमगीतांच्या पार्ट्यांत आयुष्य घालवलेल्या वादकांना मानानं बोलवा. त्यांच्याकडे जे आहे ते लिहिलेलं नाही आणि त्यांच्याबरोबर जाईल. वर्गात पुढच्या रांगेत पन्नाशी-साठीची माणसं बसतील. फी वेळेवर भरतील आणि घरी सरावही करतील.

आणि तुमच्या घरात माळ्यावर काकांचा, मामांचा एखादा जुना बँजो गुंडाळून ठेवलेला असेल तर तो खाली काढा. लाकूड फुटलेलं नसेल आणि पट्ट्या जागेवर असतील तर बहुतेक वेळा नव्या तारा आणि दोन-चार स्प्रिंगांवर काम भागतं. मात्र दुरुस्तीला उन्हाळ्यातच न्या. गणपती जवळ आले की दुरुस्ती करणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते.